परतीचं पाणी : घर तापवणाऱ्या बॉयलरच्या प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर

बॉयलर नैसर्गिक वायूवरचा, कंडेन्सिंग, कॉम्बी जातीचा. म्हणजे रेडिएटर आणि नळाचं गरम पाणी दोन्ही एकाच यंत्रावर. कमाल शक्ती २४ किलोवॉट, किमान ५. घर दोन मजली, रेडिएटर आठ. सेटिंग कारखान्यातून आलं तसंच: रेडिएटरकडे जाणारं पाणी ७५°से., पंप पूर्ण वेगात, थर्मोस्टॅट साधा चालू-बंद.

बॉयलरखाली परतीच्या नळीला तापमापक बांधला. आकडा ६४°. सगळं दुखणं इथेच आहे. वायू जळताना वाफ तयार होते आणि त्या वाफेत वायूच्या एकूण उष्णतेपैकी सुमारे १० टक्के उष्णता अडकलेली असते. धूर साधारण ५५° च्या खाली आला तरच वाफेचं पाणी होतं आणि ती उष्णता परत मिळते. धुराला थंड करणारं एकच काही आहे, ते म्हणजे रेडिएटरकडून परत येणारं पाणी. तेच ६४° असेल तर वाफ धुराड्यातून सरळ बाहेर जाते. बॉयलर मग नावापुरता कंडेन्सिंग.

मोजायला बालदी. बॉयलरमधून निघणारं कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी, सांडपाण्याच्या नळीत जायचं, ते २४ तास प्लॅस्टिकच्या बालदीत घेतलं. नळी ट्रॅपच्या, म्हणजे थोडं पाणी धरून ठेवणाऱ्या कप्प्याच्या, पुढे सोडवायची, अलीकडे नाही. ट्रॅपमधलं पाणी धुराला अडवतं, ते गेलं तर धूर घरात. बालदी लोखंडी नको, हे पाणी आम्लधर्मी असतं. ट्रॅप भरला की एकदम ओततो आणि मग बराच वेळ थेंबही नाही, म्हणून तासाभराचं माप फसवं ठरतं. पुरे २४ तास हवेत.

आजचा हिशेब: बाहेर सरासरी १०°, आत २०°, वायू ७.१ घनमीटर, बालदीत १.१ लिटर. म्हणजे घनमीटरमागे ०.१५ लिटर. सगळी वाफ धरता आली तर घनमीटरमागे सुमारे १.६ लिटर मिळायला हवं. एका लिटरमागे ०.६८ किलोवॉट-तास उष्णता. जे थोडं मिळालं तेही बहुतेक नळाचं पाणी तापवताना आणि बर्नर नुकताच पेटल्यावर, परत येणारं पाणी गार असताना.

यापुढे प्रत्येक बदलानंतर बालदी लावायची. मीटरचा आकडा हवामानाप्रमाणे हलतो, बालदीचा त्या मानाने फार कमी.

८ ऑक्टोबर

दाबाचं काम आधी. गार असताना गेज १.३ बार, तापल्यावर २.७, आणि आठवड्यात दाब ०.७ पर्यंत उतरतो. कुठेही ओल नाही. ही लक्षणं विस्तार टाकीची हवा गेल्याची आहेत. पाणी तापून फुगतं, टाकीत दबायला हवाच नसल्याने त्याला जागा मिळत नाही, दाब ३ बारला टेकला की सुरक्षा झडप थोडं पाणी बाहेर सोडते. गार झाल्यावर गेज खाली. मग कुणीतरी नळ फिरवून पाणी भरतं आणि चक्र पुन्हा सुरू.

याचा ऊर्जेशी संबंध काय, असं वाटेल. भरलेलं प्रत्येक ताजं पाणी सोबत ऑक्सिजन आणि क्षार घेऊन येतं. ऑक्सिजनमुळे रेडिएटर आतून गंजतात, गंजाचा काळा गाळ तळाशी बसतो, आणि क्षार बॉयलरच्या उष्णता-विनिमयकावर (ज्वाळेची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागावर) थर धरतात.

टाकीच्या झडपेची टाचणी दाबून पाहिली. पाणी आलं असतं तर आतला पडदा फाटलेला, टाकीच बदलावी लागली असती. नुसती हवा आली, तीही जेमतेम. बॉयलर बंद करून, पाण्याच्या बाजूचा दाब शून्यावर आणून, सायकलच्या पंपाने ०.९ बार हवा भरली. ड्रेन कॉक उघडा ठेवूनच भरायची. पाण्याचा दाब तसाच ठेवून हवा भरली तर पंपाचा आकडा पाण्याचा दाब दाखवतो, टाकीचा नाही. हे काम फसतं ते बहुतेक वेळा इथेच. नंतर पाणी १.२ बारपर्यंत भरलं. तापल्यावर १.६. सुरक्षा झडप अजून थेंब टाकत होती, बसण्याच्या जागी कचरा अडकलेला. मूठ दोनदा फिरवून पाणी जोरात सोडल्यावर थांबली.

१४ ऑक्टोबर

रेडिएटर हाताने तपासले. वर गार आणि खाली गरम असेल तर हवा, खाली मध्यभागी गार असेल तर गाळ. बैठकीतले दोन्ही दुसऱ्या प्रकारचे. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून, खाली पसरट भांडं आणि जुनी फडकी लावून नट सैल केले. निघालेलं पाणी शाईसारखं. चुंबक बुडवला तर त्याला दाट काळी मिशी आली. तो मॅग्नेटाइट, लोखंडाचाच ऑक्साइड.

रेडिएटर बाहेर नेऊन उलटा धरला आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत बागेच्या पाइपने धुतला. रबरी हातोड्याने हलके ठोके दिले की गाळ सुटतो. नेताना दोन्ही तोंडांना बूच हवं. नाही तर तो काळा डाग जमिनीवरून कधीच निघत नाही.

परतीच्या नळीवर, बॉयलरच्या अगदी आधी, चुंबकी फिल्टर बसवला. सगळं पाणी काढताना बालद्यांनी मोजलं ते ८६ लिटर भरलं. गंजरोधक द्रावण बाटलीवरच्या प्रमाणात, १०० लिटरला १ लिटर. एक बाटली टाकली.

१९ ऑक्टोबर

तळघरात रेडिएटर नाही, पण २२ मिलिमीटरच्या तांब्याच्या नळ्या ११ मीटर उघड्या. आतलं पाणी ६०° आणि भोवतालची हवा १५° असताना उघडी नळी मीटरमागे सुमारे ३० वॉट फेकते. २० मिलिमीटर जाडीचं फोम आवरण घातलं की ९ ते १० वॉट. म्हणजे कुणी बसत नाही त्या खोलीत सव्वातीनशे वॉटचा हीटर चालू होता, तो शंभराच्या आसपास आला.

वळणांवर आवरण ४५° कोनात कापून जोडलं. चीर राहिली तर तिथेच उष्णता निसटते. नळी भिंतीला पकडणाऱ्या क्लिपा आवरणाच्या आत गेल्या नाहीत, तिथे तुकडे कापून वरून गुंडाळले. चिकटपट्टी नळी गार असताना लावायची.

२ नोव्हेंबर

जाणाऱ्या पाण्याचं तापमान ७५ वरून ६० वर आणलं. काम फक्त बटणाचं. परतीचं पाणी ५०°. बालदी: घनमीटरमागे ०.२८ लिटर. खोल्या गरम व्हायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. रेडिएटरला हात लावला तर चटका बसत नाही, आणि त्यामुळे ‘बॉयलर नीट चालत नाही’ अशी तक्रार हमखास येते. खोलीतला तापमापक २०° दाखवत असेल तर तक्रारीत दम नाही.

कॉम्बीचं ‘प्रीहीट’ बंद केलं. नळ सोडल्यावर पटकन गरम पाणी मिळावं म्हणून बॉयलर दिवसरात्र आतला विनिमयक तापता ठेवतो. नळ कुणी सोडला नाही तरी अधूनमधून बर्नर पेटतो. बंद केल्यावर गरम पाणी यायला थोडा जास्त वेळ लागतो, इतकंच. नळाच्या पाण्याचं तापमान ५५ वरून ४६ केलं, कारण ५५ चं पाणी शेवटी थंड पाणी मिसळूनच वापरलं जात होतं. हे फक्त साठवण टाकी नसलेल्या कॉम्बीसाठी. गरम पाण्याची टाकी असेल तर ती ६०° वरच ठेवावी. कोमट साठ्यात लीजिओनेला जिवाणू वाढतात, तिथे काटकसर नको.

१० नोव्हेंबर

समतोल, म्हणजे प्रत्येक रेडिएटरला त्याच्या वाट्याचं पाणी. दिवस यातच गेला आणि जायलाच हवा होता.

बॉयलरजवळच्या रेडिएटरमधून पाणी धावत जातं आणि जवळजवळ तितकंच गरम परत येतं. लांबच्याला उरलंसुरलं मिळतं. मग लांबची खोली गार म्हणून कुणीतरी बॉयलरचं तापमान वाढवतो. दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

पद्धत: थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हची (खोलीच्या तापमानाप्रमाणे आपोआप उघड-बंद होणाऱ्या) सगळी डोकी काढली. एका रेडिएटरची टाचणी आत रुतलेली होती. पक्कडने ओढायची नाही, निघून हातात आली तर खोलीभर पाणी. पान्याच्या सपाट बाजूने हलके दाबत-सोडत मोकळी केली. मग प्रत्येक रेडिएटरचा दुसऱ्या बाजूचा लॉकशील्ड व्हॉल्व्ह (प्रवाह किती हे एकदाच ठरवून ठेवायचा) पूर्ण बंद करून, किती फेरे बसले ते लिहून ठेवलं. जाणारं पाणी ५५° ला स्थिर केलं. जवळच्यापासून सुरुवात, पाव-पाव फेरा उघडायचा, २० मिनिटं थांबायचं, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या नळीतला फरक मोजायचा. लक्ष्य १४–१५ अंश.

इन्फ्रारेड तापमापकाने चकाकत्या तांब्यावर मोजू नये. चमकदार धातू स्वतःची उष्णता फार कमी उत्सर्जित करतो आणि समोरच्या भिंतीचं प्रतिबिंब मोजलं जातं. पहिल्या फेरीत एक नळी ३१° दाखवत होती, हात लावला तर ठेवता येईना. सगळ्या मोजणीच्या जागी काळी विद्युत चिकटपट्टी गुंडाळली, आकडे ताळ्यावर आले.

शेवटी जवळचा रेडिएटर पाव फेऱ्याहून किंचित जास्त उघडा, सगळ्यात लांबचा दीड फेरा. मधले अर्धा ते पाऊण. एक व्हॉल्व्ह हलवला की शेजारच्यांचे आकडे सरकतात, त्यामुळे एका फेरीत संपत नाही. तीन फेऱ्या लागल्या.

संध्याकाळी वेगळंच दिसलं. आठही रेडिएटरमधून निघणारं पाणी ३९ ते ४१°, आणि बॉयलरपाशी परत पोचतं ते ४६°. वाटेत पाणी तापत तर नाही. म्हणजे कुठलंसं ५५° चं पाणी रेडिएटरकडे न जाता मधूनच परत येऊन मिसळतंय. हिशेब सोपा: (४६ − ४०) भागिले (५५ − ४०), म्हणजे ०.४. पंप ढकलतो त्यातलं ४० टक्के पाणी नुसतंच चक्कर मारतं. बालदी ०.४५.

११ नोव्हेंबर

चोरवाट सापडली. तळघरात जाणाऱ्या आणि परतीच्या नळीला जोडणारा स्वयंचलित बायपास व्हॉल्व्ह. सगळे रेडिएटर बंद झाले तर पंपाला वाट राहावी म्हणून तो असतो आणि काढायचा नसतो. पण तो ०.१ बारवर ठेवला होता, त्यामुळे सगळे रेडिएटर उघडे असतानाही उघडाच. मूठ फिरवून ०.३ बारवर नेला आणि पंप पूर्ण वेगावरून मधल्या पायरीवर आणला. बायपासची नळी दहा मिनिटांत हाताला गार. बॉयलरपाशी परत: ४१°.

मग उलट तपासणी. सगळी डोकी बसवून बंद केली, बायपास उघडतो का ते नळी गरम होण्यावरून पाहिलं. उघडला. ही तपासणी न करता व्हॉल्व्ह आवळून ठेवला तर बॉयलर अतितापमानावर बंद पडू शकतो.

बालदी: ०.७७. भाग एकही विकत न आणता या दोन दिवसांत जितकं मिळालं तितकं पुढे कशातही मिळालं नाही.

२२ नोव्हेंबर

घराला उष्णता नेमकी किती लागते? बाहेर दिवसभर २° च्या आसपास, आत २०°, ऊन नाही. मीटर २४ तासांत १०.७ घनमीटर. उन्हाळ्यातल्या नोंदींवरून नळाच्या पाण्याचे १.१ वजा, उरले ९.६. घनमीटरला १०.८ किलोवॉट-तास आणि कार्यक्षमता ९० टक्के धरली तर ९३ किलोवॉट-तास, म्हणजे सरासरी ३.९ किलोवॉट. आतबाहेरच्या १८ अंशांनी भागलं की अंशामागे २१६ वॉट.

बाहेर −५° असेल तर २५ × २१६, म्हणजे ५.४ किलोवॉट. बॉयलर २४ चा! नळाच्या पाण्यासाठी २४ लागतात, पण घर तापवायला नाही. बाहेर १०° असताना गरज २.२, आणि बर्नर ५ च्या खाली जळूच शकत नाही. म्हणून तो पेटतो, पाणी पटकन तापतं, विझतो, पुन्हा पेटतो. ऑक्टोबरात एका तासात ९ वेळा मोजलं होतं. दरवेळी पेटण्याआधी पंखा बाहेरची गार हवा ज्वलनकक्षातून फिरवतो आणि आतली उष्णता घेऊन जातो.

तंत्रज्ञ-मेनूमधून फक्त घर तापवण्याची कमाल शक्ती ९ किलोवॉट केली. नळाच्या पाण्याची तशीच. पुन्हा पेटण्याआधीची सक्तीची विश्रांती ३ मिनिटांवरून १२ केली. आता १०° च्या दिवशी तासाला ३ वेळा. खोल्यांची डोकी बंद करून ‘वापरात नाही ती खोली नको’ असं केलं की हा आकडा परत चढतो, कारण बॉयलरला उष्णता टाकायला जागा कमी पडते. थर्मोस्टॅट ज्या खोलीत आहे तिथलं डोकं तर कायम पूर्ण उघडं हवं. नाही तर दोघे एकमेकांशी भांडत बसतात.

मेनूतले हे दोन आकडे बदलणं वेगळं आणि वायूच्या व्हॉल्व्हला हात लावणं वेगळं. ज्वलनकक्षाचं झाकण परवानाधारक गॅस तंत्रज्ञानेच उघडायचं.

३० नोव्हेंबर

रेडिएटरवरची शक्ती पाणी आणि खोलीत सरासरी ५० अंशांचा फरक धरून लिहिलेली असते. फरक ३० वर आला तर ५२ टक्के उरते, २५ वर आला तर ४१ टक्के. आठांची बेरीज १३.२ किलोवॉट. त्याचे ४१ टक्के ५.४. म्हणजे −५° लाही सरासरी ४५° चं पाणी घराला पुरतं.

घराला पुरतं, प्रत्येक खोलीला नाही. उत्तरेकडच्या छोट्या खोलीला तेव्हा ७०० वॉट लागतात आणि तिथला एकपदरी रेडिएटर १,००० वॉटचा. त्याला सरासरी ५८° पाणी हवं. म्हणजे एका खोलीसाठी सगळ्या घराचं पाणी १३ अंश जास्त तापवायचं. त्याच लांबी-उंचीचा, ६०० × १,००० मिलिमीटर, दुपदरी रेडिएटर बसवला, १,७०० वॉटचा. त्याला ४५° पुरतं.

लांबी तीच असली तरी जाडी ६० वरून १०० मिलिमीटर. नळ्यांची तोंडं भिंतीपासून पुढे येतात, जुनी नळी पोचत नाही. फरशीखालची नळी थोडी ओढून आणि नवे कोपरे टाकून जुळवलं. खालून १० सेंटिमीटर मोकळे ठेवले. पडदा रेडिएटरवर लोंबत होता तो खिडकीच्या चौकटीपर्यंत कापला. लोंबता पडदा उष्णता काचेकडे वळवतो.

७ डिसेंबर

बाहेरचा संवेदक. बाहेर जितकं गार तितकंच पाणी तापवायचं, जास्त नाही. रेषा अशी: बाहेर १५° ला जाणारं पाणी ३०°, ५° ला ४१°, −५° ला ५०°.

संवेदक उत्तरेच्या भिंतीवर, माणसाच्या उंचीच्या वर. पहिली जागा चुकली: स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टच्या अर्धा मीटर वर. स्वयंपाक सुरू झाला की बॉयलरला वाटायचं वसंत आला. हलवला. तार मुख्य विजेच्या तारेच्या पट्टीतून नेली नाही, वेगळी नेली. संवेदकाच्या आणि ओपनथर्मच्या (थर्मोस्टॅट आणि बॉयलर यांच्यातल्या संदेशांच्या जोडणीच्या) टोकांवर चुकून २३० व्होल्ट जोडले तर बोर्ड जळतो. काम मुख्य स्विच पाडूनच.

रेषा लावण्याचा नियम: कडाक्याच्या थंडीतच घर गार पडत असेल तर उतार वाढवायचा. सौम्य हवेतही गार असेल तर सगळी रेषा वर सरकवायची. एका वेळी एकच पायरी, आणि दोन दिवस हात लावायचा नाही.

१८ डिसेंबर

रात्री −७°. सकाळी बॉयलर बंद, आतून गुळण्या केल्यासारखा आवाज. कंडेन्सेटची नळी बाहेरच्या भिंतीवर गोठलेली. हे आपल्याच यशाचं फळ: पूर्वी दिवसाला लिटरभर पाणी निघायचं, आता दहा लिटर, आणि नळी तीच २१.५ मिलिमीटरची, त्यात एक जागा जवळजवळ सपाट.

कोमट पाणी फडक्यावर ओतत वितळवली. उकळतं पाणी नको, प्लॅस्टिक तडकतं. दुसऱ्या दिवशी बाहेरचा भाग ३२ मिलिमीटरच्या प्लॅस्टिक नळीने बदलला, मीटरमागे ४५ मिलिमीटर उतार दिला, जलरोधक आवरण घातलं आणि बाहेरची लांबी अडीच मीटरवरून ८० सेंटिमीटरवर आणली. तांब्याची किंवा लोखंडी नळी इथे चालत नाही, आम्ल खातं.

५ जानेवारी

रात्री तापमान किती खाली न्यावं? एक आठवडा २०° वरून १५°, दुसरा आठवडा २०° वरून १८°. १५° च्या आठवड्यात सकाळी घर वेळेत तापेना म्हणून ‘जलद तापवणे’ चालू करावं लागलं. त्यात जाणारं पाणी ६५°, परत ५६°. रात्री वाचलं त्यातलं बरंचसं सकाळच्या दोन तासांत गेलं, आणि बालदीने चुगली केली: त्या आठवड्यात ०.७, दुसऱ्यात ०.९५. १८° ठेवलं. कमी तापमानाच्या पाण्यावर चालणारं घर सावकाश तापतं, त्याला सावकाशच थंड होऊ द्यावं. भिंती पातळ आणि गळक्या असतील तर हिशेब वेगळा येईल.

२४ जानेवारी

तुलना. बाहेर सरासरी १°, आत २०°, वायू १०.६ घनमीटर. नळाचे १.१ वजा जाता ९.५, भागिले १९ अंश: अंशामागे दिवसाला ०.५०. ऑक्टोबरात हाच आकडा ६.० भागिले १०, म्हणजे ०.६०. सहावा हिस्सा कमी. ऑक्टोबरातला दिवस सौम्य होता आणि बॉयलर सारखा पेटत-विझत होता, तेव्हा तो आकडा थोडा फुगलेला असणार. पुढच्या ऑक्टोबरात १०° च्याच दिवशी पुन्हा मोजायचं. जाणारं ४५°, परत ३६°, बालदी ०.९७.

उरलेली कामं: चुंबकी फिल्टर उघडून गाळ पुसायचा, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी. तंत्रज्ञ येईल तेव्हा धुरातला कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजून घ्यायचा. ट्रॅप धुवायचा आणि बसवण्याआधी पाण्याने भरायचा. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं चाचणी-बटण दाबून पाहायचं. बालदी बदलायची, सध्याची बारा लिटरची काठोकाठ भरते.